काका की बाळ्या

सोळा वर्षांच्या संसारात माझ्या नवऱ्याने ‘तुझं बरोबर आहे’ हे वाक्य मला किती वेळा ऐकवलं असेल? मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतील. आणि हेच वाक्य त्याने माझ्याच घरात, माझ्याच हातची खिचडी खाता खाता, एका तिशीतल्या मुलीला ऐकवलं. तेही अगदी सहज, पापड मोडावा तसं. त्या दिवशी माझ्या तळपायाची आग जी मस्तकात गेली ती पुढे दोन महिने उतरली नाही. आधी खेळाचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई संशयी आहे. तशी मी आहेच थोडी, पण खेळ समजल्याशिवाय माझं दुःख कळायचं नाही.

आम्ही दोघं अमेरिकन फुटबॉल बघतो. नेदरलँड्समध्ये फुटबॉल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पायाने खेळायचा तो येतो. आमचा म्हणजे हाताने चेंडू फेकायचा, हेल्मेटं घालून एकमेकांच्या अंगावर पडायचा खेळ, असं सांगितलं की डच शेजारी मान डोलावतात आणि हवामानाकडे वळतात. हे वेड आम्हाला शिकताना लागलं. अमेरिकेतल्या एका गारठलेल्या शहरात मी पुण्याहून आणि तो ठाण्याहून मास्टर्स करायला आलेलो. रविवारी अख्खं शहर एकाच टीमचं. त्या थंडीत दुसरं करायचं तरी काय? तिथेच आमची ओळख झाली आणि पहिलं भांडणही तिथेच झालं, ह्या खेळावरूनच. पुढे लग्न, नोकऱ्या, मग ॲमस्टरडॅमजवळच्या डीमनमधला हा फ्लॅट. टीम मात्र तीच राहिली. तिकडे रविवारची दुपार असते तेव्हा आमच्याकडे संध्याकाळचे सात वाजतात. कुकर लावायचा आणि टीव्हीपुढे बसायचं.

तर ह्या खेळात एक क्वार्टरबॅक असतो. चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि पुढे कुणाकडे फेकायचा ते तो ठरवतो. सगळी टीम त्याच्या जिवावर. आमचा क्वार्टरबॅक इतका भारी की त्याच्याबद्दल भांडायला काही जागाच नाही. घरात आम्ही त्याला ‘साहेब’ म्हणतो. पण साहेबांचा पाय मुरगळला तर? म्हणून आमचे सगळे फॅन वर्षभर डोकी फोडतात ती दोन नंबरला कोण हवा यावरून. बाकावर दोघं होते. एक अडतीस वर्षांचा, पाच टीम फिरून आलेला, दाढी पिकलेली. तो ‘काका’. दुसरा कॉलेजातून थेट उचललेला, हातात प्रचंड ताकद, डोक्याचं अजून काही सांगता येत नाही असा. तो ‘बाळ्या’.

मी काकाची आणि नवरा बाळ्याचा. तीन वर्षं. काका-बाळ्याच्या आधी दुसरे दोघं होते आणि त्यांच्या आधी आणखी दोघं, पण बाजू कायम अशाच. मी ज्याची नाही त्याचा तो. हे भांडण टीव्हीपुढे संपायचं नाही. सुपरमार्केटमध्ये कोथिंबिरीची जुडी हातात धरून चालायचं. सायकलवर मी पुढे, तो मागे, आणि मागून ओरडणं, “अगं, पण त्याचा हात बघ ना!” मी न वळता ओरडायची, “हात काय चाटायचाय? अक्कल बघ!” कालव्याकडेने कुत्री फिरवणारे लोक थबकून बघायचे. एका आजीबाईंनी तर मला थांबवून विचारलं होतं, सगळं ठीक आहे ना म्हणून. मी म्हटलं, हो, नवरा आहे. त्यांना ते उत्तर फारसं पटलेलं दिसलं नाही.

आणि मग ही आली.

नवऱ्याचं ऑफिस आर्नहेमला, वीज कंपनीत. ग्रोनिंगनच्या विद्यापीठात पीएचडी करणारी एक मराठी मुलगी वर्षभरासाठी त्यांच्याकडे प्रोजेक्टला आली. आर्नहेमलाच खोली घेऊन राहिलेली. तिच्या टेबलावर ह्याला आमच्या टीमचा कॉफीचा मग दिसला. तीही त्याच शहरात शिकलेली, आमच्यानंतर आठ वर्षांनी! झालं. घरी येऊन पठ्ठ्या चपला काढायच्या आधी मला सांगतोय, “अगं, ओळख बघ कोण निघालं!” रविवारी जेवायला बोलावलं. मीच म्हटलं बोलाव. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा तर असा.

आली ती हातात एक कुंडी घेऊन. गोड मुलगी होती, खोटं कशाला बोलू. जाड लोकरीचे मोजे, केसांचा कसाबसा अंबाडा, हसली की सगळं तोंड हसायचं. आत आली आणि थेट खिडकीजवळच्या कोपऱ्यात जाऊन बसली. ती माझी जागा. तिला काय माहीत? पण नवऱ्याला माहीत होतं ना! तो खुशाल रिमोट शोधत होता. वर ती त्याला म्हणते, “अरे, तू सांग ना, आवाज मोठा करू?” आणि माझ्याकडे वळून, “ताई, तुम्हाला काही मदत करू?” त्याला तू, मला ताई! तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे, टक्कल पडायला लागलंय. मी किचनमध्ये जाऊन केस रंगवून किती दिवस झाले ते आठवत बसले.

मॅच सुरू झाली, ताटं वाढली आणि मी मुद्दामच विषय काढला. म्हटलं, बघू तर पोरीला काय कळतं. “दोन नंबरला कोण हवा तुला?”

“काकाच,” ती म्हणाली. आम्ही ठेवलेली टोपणनावं तिला ह्याने आधीच सांगून ठेवली होती, हेही तेव्हाच कळलं. “अनुभव लागतो त्या जागी.”

मी विजयी मुद्रेने नवऱ्याकडे बघितलं. आता हा बाळ्याचं पुराण लावणार आणि आम्ही दोघी मिळून ह्याला लोळवणार. तर हा खिचडीवर तूप घेत म्हणाला, “बरोबर आहे तुझं.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तीन वर्षं! तीन वर्षं मी हेच घसा फोडून सांगतेय. लोणचं आणायच्या निमित्ताने मी उठले आणि फ्रिजचं दार उघडून त्यापुढे उभी राहिले. तोंडाला थंड हवा लागत होती तरी कान तापलेलेच.

ती गेल्यावर मी विचारलं, “तिचं कसं पटलं रे लगेच?” तर म्हणे, “पाहुणी आहे गं.” बास. आणि गेला दात घासायला.

ह्या देशात तीन आठवडे आधी विचारल्याशिवाय कुणी कुणाकडे चहालासुद्धा जात नाही. ही बया मात्र त्यानंतर दर रविवारी साडेसहाला दारात हजर. अधूनमधून ह्याचा फोन टिणटिणायचा. तो वाचून हसायचा. मी विचारलं तर पुढे करायचा फोन, लपवाछपवी काही नाही. तिने काकाच्या जुन्या खेळाचं काहीतरी पाठवलेलं आणि खाली ह्याचं उत्तर, ‘खरंय’. ‘अगदी खरंय’. ‘पटलं’. लफडं निघालं असतं तर निदान भांडी तरी आपटता आली असती. दुसऱ्या बाईचं आपल्या नवऱ्याला पटतं म्हणून कुणाच्या नावाने बोंब मारणार? पुण्याला बहिणीला फोन करून सांगितलं, तर ती अर्धा मिनिट हसतच होती.

सगळ्यात वाईट हे की आमचं भांडण बंद पडलं. तिच्यापुढे काकाचा झेंडा खांद्यावर घेतल्यावर हा माझ्यापुढे बाळ्याची बाजू कुठल्या तोंडाने घेणार? सायकलवर मागून आवाज यायचा थांबला. सुपरमार्केटमध्ये कोथिंबीर निमूट टोपलीत पडायला लागली. घरात कसं छान शांत होतं, आणि मी मनातून धुमसत होते. मला वाटायला लागलं, ह्याचं माझ्याशी बोलणं संपलं. जे काही होतं ते तिकडे गेलं, आर्नहेमच्या त्या टेबलावर, मगाशेजारी. हसू नका. सोळा वर्षांनंतर नवरा-बायकोत बोलायला असं किती उरलेलं असतं?

मग डिसेंबरातला तो रविवार आला. दुसऱ्या भागाला सुरुवात झाली होती. दोन धिप्पाड गडी एकदम साहेबांच्या अंगावर पडले आणि साहेब उठलेच नाहीत. घोटा धरून पडून राहिले. शेवटी दोघांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत बाहेर गेले. तेवढ्यात काका बाकावरून उठला, हेल्मेट चढवलं आणि मैदानात धावत आला.

“आला काका!” तिने टाळ्या वाजवल्या.

“चला, नशीब काका आहे,” नवरा म्हणाला.

दोघं एका सुरात. माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. मी ताट बाजूला ठेवलं आणि ठणकावून म्हटलं, “काकाला कशाला आणलंय? बाळ्याला आणा!”

नवऱ्याने मान वळवून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी धर्म बदलला होता. “तू? बाळ्या?”

“हो. मत बदललं माझं. खेळवलं नाही तर शिकणार कधी तो? पाण्यात पडल्याशिवाय पोहता येतं का?” ही सगळी वाक्यं त्याचीच. तीन वर्षं ऐकून पाठ झालेली.

त्याने खुर्ची ओढली, टीव्हीकडे पाठ केली आणि माझ्यासमोर बसला. “हे बघ,” त्याने सुरू केलं, “साहेब पडल्यावर मैदानात उरलेले दहा जण घाबरलेले असतात. त्यांना ताकद नको असते, ओळखीचा आवाज हवा असतो. घरात तान्हं मूल आहे आणि आई तापाने फणफणलीय, तेव्हा तू शेजारच्या काकूंना हाक मारशील की परवाच परीक्षा पास झालेल्या नर्सला?”

ते काकूंचं उदाहरण माझं होतं. पहिल्या वर्षी, भाजी निवडताना दिलेलं. तेव्हा हा म्हणाला होता, “काहीही बोलतेस.” पुढे बर्फातल्या त्या मॅचची गोष्ट, काकाने शेवटच्या मिनिटात घाई न करता कशी सगळ्यांना एकेक करून जागा दाखवली, तीही माझीच. हात कुठे वर करायचा, कुठे थांबायचं, सगळं माझं. मी सांगितलेलं एक अक्षर त्याने वाया जाऊ दिलं नव्हतं. मी बाळ्याच्या बाजूने तुटून पडले, तो काकाच्या बाजूने. आवाज चढले. त्याच्या मानेची शीर फुगली. कितीतरी दिवसांनी मला इतकं बरं वाटलं की लाज वाटावी.

ती मधे दोनदा म्हणाली, “मलाही तेच वाटतं.” त्याने दोन्ही वेळा न बघताच हात हलवला. “हो हो, बरोबर.” आणि पुन्हा माझ्याकडे, “पण तुझा मुद्दाच मुळात चुकीचा आहे!”

आम्ही श्वास घ्यायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, “माझ्याशी तू कधीच असा भांडत नाहीस.” हसत म्हणाली, पण तोंडभर नाही.

“तुझ्याशी कशाला भांडू?” तो म्हणाला. अगदी चांगल्या मनाने. “तुझं पटलं काय, नाही पटलं काय, मला काय फरक पडतो?”

आपण काय बोललो हे त्याला आजही ठाऊक नाही. मी मात्र तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो चेहरा मी रोज सकाळी आरशात बघत होते, दोन महिने. काकाने तेवढ्यात चेंडू सरळ समोरच्या टीमच्या हातात दिला, पण ओरडलं कुणीच नाही.

मॅच संपायच्या आतच ती उठली. ट्रेन आहे म्हणाली. दाराशी बूट घालताना तिच्याजवळ मी एकटीच होते. नाडी बांधता बांधता ती खाली बघून बोलली, “ताई, तुमच्या भांडणांचं ऑफिसात ऐकलं होतं, मी ना हे ऐकायला मिळेल म्हणूनच यायचे. आईबाबा असेच भांडतात आमच्याकडे. इथे माझं कुणाला पटत नसलं तरी कुणी सांगत नाही. माझे गाइडसुद्धा ‘इंटरेस्टिंग’ म्हणतात आणि पुढे जातात. मला वाटलं होतं, काही दिवसांनी तुम्ही दोघं माझ्याशीही भांडाल.”

मी काय म्हणायला हवं होतं ते मला तेव्हाच कळत होतं. ‘पुढच्या रविवारी ये, मी भांडते तुझ्याशी.’ एवढंच. पण जीभ रेटेना. माझं मला परत मिळालं होतं, कुठे दहा मिनिटं झाली होती, आणि त्यातलं चिमूटभरही कुणाला द्यायची माझी तयारी नव्हती. “जपून जा,” म्हटलं आणि दार लावून घेतलं.

ती परत आली नाही. प्रोजेक्ट संपल्यावर ग्रोनिंगनला गेली. नवरा दोन रविवार म्हणाला, “अरे, आली नाही ही?” मग विसरला. आम्ही पुन्हा भांडतो, सायकलवरसुद्धा. मी अजून बाळ्याकडेच आहे, कारण काकाने पुढच्या तीन मॅच मिळून टीमची पार वाट लावली आणि नवरा अजून त्याचं समर्थन करतो.

तिचा नंबर आहे माझ्याकडे. त्या तिसऱ्या मॅचनंतर मी तिला मेसेज लिहिलाही होता. ‘काकाबद्दल तुझं साफ चुकलं. तुला खेळातलं काही कळत नाही.’ पाठवला नाही. पाठवला असता तर ती पुढच्याच रविवारी आली असती.