सिस्टर आणि कारंज्याची सहल

कुठल्याही नव्या जागी गेल्या की सिस्टर आधी बसून पाहायच्या. बागेतला बाक असो, देवळाचा ओटा असो, कोणाच्या घरचा सोफा असो. बसायच्या, दोन्ही हात मांडीवर ठेवायच्या आणि कशालाही न धरता उठायच्या. जमलं नाही तर पुन्हा बसून पुन्हा उठायच्या. मग निकाल द्यायच्या.

"बसाले तं कोणालेही येते, सर. उठता आलं पाह्यजे."

दिग्रसला आमचा म्हाताऱ्यांचा एक गट आहे. संध्याकाळी बागेत जमतो. मी शाळेतून निवृत्त झालेला, सिस्टर सरकारी दवाखान्यातून. त्यांना नाव होतं, पण ते पेन्शनच्या कागदापुरतं. गावासाठी त्या सिस्टरच. किती बाळंतपणं केली याचा त्यांनाही अंदाज नव्हता. बाजारात चांगला मिशीवाला माणूस समोर आला तरी, "तू पायाळू होता रे, लय तरास देल्ला मायले," असं चारचौघांत सांगून पुढे निघायच्या. तो बिचारा भाजीची पिशवी सावरत हसायचा.

विहारामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं त्यांचं घर. यजमान गेलेले, मुलगी नागपूरला. एकट्या राहायच्या, पण घरात सहसा सापडायच्या नाहीत.

आमच्या गटाची पहिली सहल माहूरला गेली होती. आखणी अध्यक्षांची. ते निवृत्त तलाठी, त्यामुळे सगळं कागदावर: एका दिवसात सहा ठिकाणं, प्रत्येकासमोर वेळ. माहूर म्हणजे चढ आणि पायऱ्या. आम्ही पुरुष धापा टाकत वर गेलो, फोटो काढले. बरोबरच्या सात बायकांपैकी पाच जणी दिवसभर गाडीत बसून होत्या. येताना त्यांतल्या एकीला चक्कर आली. उन्हानं झालं असेल, असं आम्ही म्हणालो. सिस्टरांनी तिला मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि परत येईपर्यंत तिच्यापाशीच बसल्या.

दुसऱ्या दिवशी बागेत त्या म्हणाल्या, "पुढची सहल मी काढतो." आमच्याकडे बायकाही 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात.

"काढा की," अध्यक्ष म्हणाले. "कुठं जायचं?"

"जागा मंग ठरवू. आधी बायायच्या घरी जाऊन येतो. काल त्यायच्यातल्या एकीनंही सकाळपासून पाणी पेलं नव्हतं. काहून पेलं नव्हतं, ते पाहाचं हाये."

आठ-दहा दिवस त्या घरोघर फिरल्या. आमच्याही घरी आल्या.

इथं माझ्या बायकोबद्दल सांगायला हवं. तेव्हा दोन वर्षं ती गावाबाहेर गेली नव्हती. कारण गुडघे. पुसद आमच्यापासून तासाभरावर, पण तिथं सख्ख्या भाच्याचं लग्न होतं तरी गेली नाही. माहूरलाही आली नव्हती. मी तेलं आणली, पट्टा आणला, डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं गुडघे चांगले आहेत, फिरत जा. तरी ती उंबरठ्याबाहेर पडेना. एकदा चिडून मी म्हणालो होतो, "तुला कुठं जायचंच नसतं, गुडघे नुसते निमित्ताला." ती उठून आत गेली.

सिस्टरांनी चहा घेतला, गावच्या चार गोष्टी केल्या आणि मग माझ्याकडे वळल्या.

"सर, तुमी जरा बजारात जाऊन या."

"काय आणू?"

"काहीही आना. अर्धा तास लागला पाह्यजे."

मी सांभार घेऊन, म्हणजे कोथिंबिरीची एक जुडी घेऊन, अर्ध्या तासानं परत आलो. बायकोचे डोळे लाल होते, पण चेहरा मोकळा दिसत होता. सिस्टर चपला घालत होत्या.

"वहिनी येऊन राह्यल्या सहलीले," त्या म्हणाल्या.

"आणि गुडघे?"

"गुडघ्यायचं मी पाहून घेतो."

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला एसटीत बसवून कारंज्याला नेलं. दारव्हा ओलांडून दोनेक तासांचा रस्ता. जुनं गाव, चार दिशांना चार वेशी, अरुंद गल्ल्या आणि एका गल्लीच्या शेवटी लाकडी कोरीव खांबांचं जुनं मंदिर. मी मान वर करून वेशीची कमान पाहत होतो. सिस्टर खाली वाकून पायरी मोजत होत्या, आपल्या वितीनं.

"वीतभर चालते," त्या म्हणाल्या. "सव्वा वीत झाली का गुडघा बोलते."

मंदिराच्या पायऱ्या पास झाल्या. मग त्या गल्लीतली घरं बाहेरून निरखू लागल्या. कोणत्या घराचे पाइप नवे आहेत ते पाहत होत्या. एका दाराची त्यांनी कडी वाजवली. साठीच्या एका बाईंनी दार उघडलं. कोणाला भेटायचं आहे, असं त्यांनी विचारलं.

"तुमालेच," सिस्टर म्हणाल्या. "पुढच्या बुधवारी माह्यासंगं अठरा म्हातारे येऊन राह्यले मंदिर पाहाले. तुमच्या घरी कमोड हाये का?"

मी पुन्हा कमानीकडे पाहू लागलो, पण तिथून कमान दिसत नव्हती.

त्या बाई हसल्या. "आधी आत तं या." त्याही शिक्षिका होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. सिस्टर आत जाऊन बसून-उठून आल्या. खिडकीची चौकट हाताला येते, म्हणजे काम भागतं, असं त्यांनी मला सांगितलं. बुधवारचं पक्कं झालं. निघताना बाईंनी आम्हाला मुरमुऱ्याचा चिवडाही दिला.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, "सिस्टर, अनोळखी घरी असं विचारायचं म्हणजे जरा…"

"तुमी मास्तर ना? शाळेत पोरीयसाठी संडास नसला तं काय होते?"

"पोरी शाळा सोडतात."

"मंग म्हाताऱ्या काय सोडत असतीन?"

त्यांनी डोळे मिटून घेतले आणि दारव्ह्यापर्यंत झोपल्या. मी विचार करत बसलो, पण तो विचार माझ्या घरापर्यंत काही पोचला नाही.

बुधवारी सकाळी छोटी बस निघाली. बसच्या दाराशी सिस्टरांनी लाकडी पाट ठेवला होता, चढता-उतरताना पायाखाली घ्यायला. पहिला थांबा पाऊण तासानं, दारव्ह्यात, त्यांच्या ओळखीच्या एका नर्सच्या घरी.

"सगळे उतरा," त्या म्हणाल्या. "ज्याले लागली नाही त्यानंही उतरा."

सगळेच उतरले म्हणून कोणी कोणाकडे पाहिलं नाही. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "असं थांबत गेलो तं एकच ठिकाण होईन, सिस्टर."

"होऊ द्या एकच. पण सगळ्यायनं पाहू."

कारंज्याला पोचलो तेव्हा मंदिराची गल्ली खोदून ठेवलेली होती. पाइप टाकायचं काम कालच सुरू झालं होतं. एका कडेनं चालण्यापुरती वाट होती, पण बस तर सोडाच, ऑटोही जात नव्हता. तीनशे-साडेतीनशे पावलं. धडधाकट माणसाला काहीच नाही. आमच्यात वॉकर घेऊन चालणारे घड्याळवाले चाचा होते, दोघी काठीवाल्या होत्या, एकाची बायपास झालेली होती.

अध्यक्ष सहज म्हणाले, "ज्यायले जमते ते पाहून येतीन. बाकीचे बसा गाडीत."

चाचांनी वॉकर घडी करून दोन सीटांमध्ये सरकवला. माझ्या शेजारी बायकोनं पदर सारखा केला आणि ती खिडकीला टेकून बसली. बसायची तयारी करणाऱ्या माणसाचं बसणं वेगळंच दिसतं.

"कोणी गाडीत बसत नाही," सिस्टर म्हणाल्या. "मले धा मिनिटं द्या."

त्या वाटेवरून एकट्याच आत गेल्या. दहाची वीस मिनिटं झाली. मग त्या शिक्षिकाबाई येताना दिसल्या, दोन्ही हातांत प्लास्टिकच्या खुर्च्या. मागून सिस्टर, त्यांच्याही हातांत खुर्च्या. वीस-पंचवीस पावलांवर एक, अशा त्यांनी भिंतीकडेला खुर्च्या मांडायला घेतल्या. खुर्च्या संपल्या तेव्हा शेजारच्या घरातून एक बाई आपली खुर्ची घेऊन आली. समोरच्या घरातून एक स्टूल आलं. पुढे कोणीतरी बाज काढून ठेवली. काम करणाऱ्या मजुरांनी खड्ड्यावर दोन फळ्या आडव्या टाकल्या. कशासाठी चाललंय, हे फार कोणी विचारलं नाही.

आम्ही निघालो. चालायचं, बसायचं, श्वास घ्यायचा, उठायचं. प्रत्येक खुर्चीपाशी त्या-त्या घरची माणसं उभी. कुठून आले, किती जण, चहा टाकू का. चाचांना बाजेवर बसवून एका आजोबांनी स्वतःच्या गुडघ्याची पूर्ण कहाणी सांगितली. तीनशे पावलांना आम्हाला पाऊण तास लागला. शेवटी अध्यक्षांनी खिशातला वेळेचा कागद काढला, घडी करून परत ठेवला आणि स्वतःही एका स्टुलावर बसले.

माझी बायको माझ्या पुढे चालली होती. तीन खुर्च्या तिनं न बसता ओलांडल्या. चौथीला मी बसलो, ती उभी राहिली.

मंदिरात गार वाटत होतं. काळ्या पडलेल्या लाकडी खांबांवर वेली, हत्ती, नाचणाऱ्या बाया. सगळे अठरा जण आत होते. बायको एका खांबावरच्या हत्तीवरून बोट फिरवत होती. मी विचारलं, "गुडघे दुखत नाहीत?"

"गुडघ्याले काही झालंच नव्हतं," हत्तीकडेच पाहत ती म्हणाली. मग हळू आवाजात, पण न थांबता सांगितलं. "हासलं, खोकललं तरी लुगडं ओलं व्हते. दोन वर्षं झाले. लग्नात, गाडीत, चारचौघांत कशी जाऊ? सिस्टर म्हने, दवा हाये, व्यायाम हाये, लय बायायले असते. आजपावतर मले वाटे, मलेच हाये."

चाळीस वर्षांचा आमचा संसार. "मला सांगायचं होतंस," एवढंच म्हणालो.

"तुमी इचारलं कुठं," ती म्हणाली. "तुमी पट्टा आनला."

ती हसली. हसल्यावर एकदम थांबली, काही झालं नाही हे तिला कळलं, आणि पुन्हा हसली.

बाहेर आलो तर सिस्टर शिक्षिकाबाईंच्या ओसरीवर कोणाचा तरी रक्तदाब मोजत बसल्या होत्या. गल्लीतल्या बायकांची रांग लागली होती. त्या मंदिरात गेल्याच नाहीत हे माझ्या ध्यानात आलं.

"तुम्ही पाहिलं नाही?" मी विचारलं.

"पाह्यलं ना त्या दिवशी. पायऱ्या चांगल्या हायेत."

त्यानंतर त्यांनी आम्हाला दोन वेळा आणखी नेलं, एकदा केळापूरला, एकदा कळंबला. मग त्यांच्या पोटाचं दुखणं निघालं. इतक्या वर्षांचा अनुभव असून स्वतःचं मात्र त्यांनी उशिरा ओळखलं, की ओळखून गप्प राहिल्या, कोण जाणे. मुलीनं नागपूरला नेलं. जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं भेटायला गेलो. बायको आत त्यांच्यापाशी बसली, मी अंगणात. बराच वेळ दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. काय बोलत होत्या, ते मी विचारलं नाही.

दोन महिन्यांनी सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. फोन बायकोनं घेतला. ऐकून ठेवला आणि आत जाऊन पांढरं लुगडं नेसून आली.

"सिस्टर गेल्या. गाडी सांगा," ती म्हणाली. "दुपारच्या आत पोचलो पाह्यजे."

नागपूर आमच्यापासून चार-साडेचार तास. मी शेजारच्या गल्लीतली गाडी ठरवली. ड्रायव्हर तिशीतला, अनोळखी. बायको मागे बसली, दार लावून घेतलं आणि गाडी सुरू व्हायच्या आधी पुढे वाकून त्याला म्हणाली,

"दादा, दारव्ह्याले थांबजा, मंग यवतमाळले, मंग कळंबले. मले घडीघडी लागते."

"हाव काकू," तो म्हणाला, आणि गाडी निघाली.