एल्डरबेरीला हिवाळा दाखवणारे व्याही

सिंगापूरच्या हवेला शिस्त लावायची हिंमत आजवर एकाच माणसाने केली, ते म्हणजे आमचे व्याही. जन्म गेला जहाजाच्या इंजिनात, त्यामुळे जगात कुठलीही वस्तू बिघडत नसते, तिला सांभाळणारा माणूस कच्चा असतो, असं त्यांचं ठाम मत. आमच्याकडे आले की चहाआधी पंखा खोलतात. पंखा छान चालत असतो हो. ते गेल्यावर इलेक्ट्रिशियन बोलवावा लागतो.

तर निवृत्त झाल्यावर त्यांनी पुंगोल भागातल्या सार्वजनिक बागेत भाड्याने वाफा घेतला, ठराविक मुदतीचा. बाकीच्यांनी मिरच्या लावल्या, कढीपत्ता लावला. यांनी कुठल्याशा नर्सरीतून एल्डरबेरी मागवली! थंड मुलखातलं झुडूप, पांढऱ्या फुलांचे तुरे येतात म्हणे. तरुणपणी उत्तरेकडच्या एका बंदरात त्या फुलांचं सरबत प्यायले आणि घरी येऊन बायकोला शब्द दिला, "तुला एकदा पाजणार." झुडूप छातीपर्यंत आलं, पण फूल म्हणून नाही. "हिवाळा मिळत नाही तिला," व्याह्यांनी निदान केलं. मग काय, हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतल्या, ज्यूसवाल्याकडून रोज सकाळी पिशवीभर बर्फ आणायचा आणि मुळाशी ओतायचा. माझी विहीण एकदा वैतागून म्हणाली, "अहो, माझ्या गुडघ्याला कधी बर्फ आणला नाहीत!"

"गुडघ्याला फुलं येणार आहेत का?" व्याही शांतपणे म्हणाले.

फुलं यायच्या आत मुदत मात्र संपली. वाफा मोकळा करून द्यायचा नियम. त्या सकाळी हे कुदळ घेऊन गेले खरे, पण नुसतेच उभे. तेवढ्यात वाफ्याची नवी मालकीण आली, आमच्याच वयाची चिनी आंटी. "अंकल, दिस वन कॅन ईट ऑर नॉट?"

"नॉट येट," व्याही म्हणाले.

"नेव्हर माइंड लाह, आय कीप."

आता ती झुडपाभोवती पालेभाजी लावते आणि सढळ हाताने पाणी घालते. हे रोज संध्याकाळी वाटेवर उभे, हात पाठीमागे. जगाला सूचना देणारा माणूस, पण तिथे अवाक्षर नाही. परवा मी विचारलंच, "पाणी जास्त होतंय, सांगा की तिला."

"जहाजावर ड्यूटी बदलली की आधीच्या माणसाने इंजिनाला हात लावायचा नसतो," म्हणाले. विहीण त्यांचा हात धरून "चला आता" म्हणत होती. पण व्याह्यांचं पाऊल काही निघेना.