झाकण

आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. पंच्याऐंशीच्या सुमारास सिरोंच्याजवळ आम्ही तेलाच्या शोधात बोअर मारत होतो. वर आलेले दगडाचे दांडे पेट्यांत खोलीप्रमाणे लावायला एक विहिरी खोदणारा माणूस ठेवला होता. प्रत्येक दांड्यावर तो बोटाने पाण्याचा थेंब सोडायचा. वाळूचा दगड थेंब पिऊन टाकायचा. राखाडी मातीच्या थरावर थेंब तसाच बसून राहायचा.

नागपूरहून मोठे साहेब येणार म्हणून आमच्या साहेबांनी मातीचे ठिसूळ तुकडे 'कचरा' म्हणून फेकायला लावले आणि वाळूचे देखणे दांडे एकमेकांना भिडवले.

तो माणूस उसळलाच. "साहेब, तेलाचा गंज ठेवून राह्यले अन् त्याचं झाकण फेकून राह्यले? आतलं तेल मंग थांबन कशानं?"

"तू शिकलास किती?" साहेब हसले.

"शाळा नाई शिकलो. विहिरी खोदल्या."

दुपारीच त्याला कामावरून काढलं. त्याचं नावही मी कधी विचारलं नव्हतं. अहवालात 'सलग, उत्तम वालुकाश्म' असं धडधडीत खोटं गेलं. खाली सही आहे भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या माणसाची. माझी.