मोकळी जागा म्हणे

आमच्या कोळीवाड्यातल्या बायकांना कुणी विचारलं असतं की तुमचं खळं कुणाच्या मालकीचं, तर त्यांनी विचारणाऱ्यालाच वरपासून खालपर्यंत न्याहाळलं असतं. खळं म्हणजे मासळी वाळवायची जागा, गावाच्या टोकाला, किनाऱ्याला लागून. दसरा झाला की तिथे बांबू उभे राहायचे, बांबूंना आडवे दोर ताणले जायचे आणि जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या त्या दोरांवर चढायच्या. या मांडवाला आम्ही वलांडी म्हणतो. प्रत्येक घराची वलांडी ठरलेली. सासू थकली की सून तिथे उभी राहते. यात मालकीचा प्रश्न आलाच कुठे?

ऐंशीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. खाडीपलीकडे बोरीवलीत शेतं बुजवून इमारती उठत होत्या आणि इकडे गोराईच्या बाजूलाही इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं जमिनी बघत हिंडायला लागली होती. मी अंधेरीला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. आमच्या आळीतली मॅट्रिकच्या पुढे गेलेली पहिली मुलगी मीच, त्यामुळे कुणाच्याही घरी सरकारी कागद आला की तो फिरत फिरत माझ्या हातात यायचा. मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं बरंचसं त्या रागानेच झालं.

त्या वर्षी दसऱ्यानंतर बायका बांबू घेऊन खळ्यावर गेल्या आणि तशाच परत आल्या. खळ्याभोवती दगडी खांब रोवून काटेरी तार ओढलेली होती. पाटीवर लिहिलं होतं, ‘खाजगी जागा. आत येण्यास मनाई.’ मालकाचं नाव नव्हतं. आत स्टुलावर एक वॉचमन बसला होता. जागा कुणाची, असं विचारलं तर तो म्हणाला, “सेठ की.” कुठला सेठ, असं विचारलं तर म्हणाला, “वो अपने को नहीं मालूम.”

माझी आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, खळ्यावरच्या बायकांची पुढारी होती. गावातच दिलेली, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, सगळा जीव त्या वलांडीत. तिने वॉचमनला काय काय सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही. ओला बोंबील संध्याकाळपर्यंतसुद्धा दम धरत नाही, मिळेल त्या भावाला जातो. सुकवला तरच पावसाचे चार महिने होड्या किनाऱ्यावर असताना घरात चूल पेटते. खळं गेलं तर आमच्या बायकांची कमाई गेली, इतका साधा तो मामला होता.

रात्री जमातीची बैठक बसली. पुरुष मंडळींनी बराच खल केला आणि शेवटी माझे वडील म्हणाले, “मालक कोन ता कलल्याबिगर भांडायचं कोनाशी?” प्रश्न बरोबर होता. तो मला सुचला नव्हता म्हणून मला आणखीच राग आला. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात रजा टाकली आणि तलाठ्याच्या चावडीवर जाऊन उभी राहिले.

तलाठी मध्यम वयाचा, शांत माणूस होता. कुणी आवाज चढवला की त्याचा आवाज आणखी खाली यायचा. मी म्हटलं, आमच्या खळ्याचा मालक कोण ते बघायचंय. तो म्हणाला, सर्व्हे नंबर सांगा. ज्या जमिनीवर मी रांगले, तिला नंबर असतो हे मला त्या क्षणी कळलं. मग त्याने कापडावर डकवलेला गावाचा नकाशा पसरला आणि म्हणाला, तुम्हीच दाखवा. मला कशाचा म्हणजे कशाचा मेळ लागेना. समुद्र डाव्या हाताला, गाव भलतीकडेच. मी सरळ तो नकाशा फिरवून घेतला.

“उलटा धरलात,” तो म्हणाला.

“आमच्याकडे समुद्र समोर असतो,” मी म्हटलं.

नकाशा फिरवल्यावर मात्र सगळं जागच्या जागी आलं. ही विहीर, हे देऊळ, ही खाडीकडे जाणारी वाट, आणि हे खळं. त्या चौकोनात एक आकडा होता. त्या आकड्यावरून सातबारा निघाला. त्यावर एक नाव कंसात टाकलेलं होतं, म्हणजे तो माणूस वारला होता, आणि त्याखाली मुलाचं नाव चढवलं होतं. आडनाव आमच्याकडचं नव्हे. सातबारावर पत्ता नसतो. फेरफाराची जुनी नोंद काढायला लावली तेव्हा तिच्यात एवढंच सापडलं की वारस राहणार घाटकोपर. कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात वर्षावर्षाची पिकं लिहिलेली होती. तिकडे मी बघितलंसुद्धा नाही. मला माणूस हवा होता.

घाटकोपर म्हणजे काय दोन घरं आहेत? पण मतदारांच्या याद्या कुणालाही बघता येतात हे मला ऑफिसातल्या एका बाईंनी सांगितलं होतं. मी तिथल्या कचेरीत गेले. कारकून वैतागून म्हणाला, “कशाला हवीय यादी?”

“माणूस शोधतेय.”

“हरवलाय?”

“आमच्या जमिनीवर उगवलाय.”

त्याने याद्या समोर आपटल्या. त्या आडनावाची पुष्कळ माणसं निघाली, आणि त्या पहिल्या नावाचीही तीन-चार. पण यादीत बापाचंही नाव असतं. कंसातला मेलेला माणूस माझ्या उपयोगाला आला. त्याचा मुलगा एकच निघाला. मी चाळीचं नाव आणि खोलीचा आकडा हातावर लिहून घेतला आणि तिथूनच थेट निघाले.

वाटेत मी मनात भांडण पाठ करत होते. सेठ असा बोलला तर मी अशी बोलेन. दार उघडलं ते बनियन घातलेल्या एका म्हाताऱ्याने, कानाला ऐकायचं मशीन लावलेलं. पाठ केलेलं सगळं बाजूला राहिलं. त्यांच्या बायकोने न विचारता चहा टाकला. त्यांनी ती जागा जन्मात पाहिली नव्हती. वडिलांनी कधीतरी कुणाकडून तरी घेतली होती, एवढंच ठाऊक. मग बोरीवलीहून एक दलाल आला. जागा रिकामी पडली आहे, म्हणाला. सातबारा दाखवला आणि विक्रीच्या एका करारावर त्यांची सही घेतली. कुंपण त्यानेच घातलं होतं.

“रिकामी?” मी म्हटलं. “आमच्या आजीच्या आजीपासून बायका तिथे बोंबील वाळवतायत.”

त्यांनी कपाटातून सातबारा काढला आणि मी न पाहिलेल्या खालच्या भागावर बोट ठेवलं. ‘पड. गवत.’ त्याच्या वरच्या वर्षी, ‘पड. गवत.’ त्याच्याही वर तेच. “तुम्ही इतक्या वर्षांच्या तिथल्या,” ते म्हणाले, “मग इथे का नाही?”

मी तो कागद उजेडाकडे धरून पुन्हा वाचला. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, “कुणाच्या पोटावर पाय देऊन मला काही नको. पण कागद म्हणतो जागा ओसाड, आणि दलाल तोच कागद माझ्या तोंडावर धरतो. जागा वापरात आहे असं सरकारी कागदावर येऊ द्या. मी सही मागे घेतो.”

तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय ते त्या दिवशी मला कळलं. म्हणजे तलाठी वर्षानुवर्षं चावडीत बसल्या बसल्या ‘गवत’ लिहीत होता. दुसऱ्या दिवशी चावडीवर मी काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण बाहेर बसलेली माणसं आत डोकावली एवढं आठवतं. तलाठ्याने मला पुरतं बोलू दिलं. मग नेहमीपेक्षाही हळू म्हणाला, “मी दर वर्षी येतो, बाई. खळ्यावर उभा राहतो आणि विचारतो, इथे काय आहे. तुमच्या आत्या सांगतात, काही नाही साहेब, मोकळी जागा आहे. मी ते लिहितो.”

घरी आले तेव्हा आत्या ओट्यावर जवळा निवडत होती. मी विचारलं. तिने मान वर न करता सांगितलं, “हाव, मीच बोलते तसं.”

तलाठी यायचा भाद्रपदात. तेव्हा मासळी नसते, बांबू घरात असतात, खळ्यावर पोटरीएवढं गवत असतं. धंदा दिसला तर पट्टी बसवतील, म्हणून साहेब आला की मोकळी जागा सांगायची, हे आत्याला तिच्या सासूने शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूने. वर गेल्या साली सुकवलेल्या बोंबलांची जुडी त्याच्या पिशवीत घालायची, म्हणजे तो फार चौकशा करत नाही. सगळ्या बायकांना हे माहीत होतं. मलाच माहीत नव्हतं, कारण मी त्या वेळी शाळेत नाहीतर ऑफिसात असायचे.

मी आत्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच. म्हटलं, तुमच्या तोंडाने तुम्हीच खळं घालवलंत. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पोरी, सरकारचा मानूस दारात इचारायला येतो तो कायतरी न्यायलाच. द्यायला कोन इचारतो?”

मी तिच्याशेजारी ओट्यावर बसले. ते खरं होतं, आणि मला तिचा जितका राग आला होता तितकीच तिची कीवही आली. खोटं बोलून खळं राखलं असं ती जन्मभर समजत होती. ती उठली, सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “बोलव त्याला. ज्या तोंडानं मोकली बोलले, त्याच तोंडानं सांगते.”

मी ऑफिसच्या मराठी मशीनवर अर्ज टाइप केला. खळ्यावर येऊन प्रत्यक्ष बघा, पंचनामा करा, आणि मग काय ते लिहा. बरेच खेटे घातल्यावर सर्कलसाहेबांनी, म्हणजे तलाठ्याच्या वरच्या अधिकाऱ्याने, यायचा दिवस दिला. घाटकोपरच्या म्हाताऱ्यांना मी पत्र टाकलं. पण खरी अडचण पुढेच होती. साहेब येऊन बघणार काय? तारेच्या आत रिकामी जागा आणि वॉचमन. तो पुन्हा ‘पड’ लिहिणार. तरण्या पोरांनी तार कापायची भाषा केली. जमातीचे जाणते म्हणाले, तारेला हात लावलात तर पोलीस केस होईल, आणि मग कागदावर तेवढंच राहील.

आत्या इतका वेळ मागे बसून ऐकत होती. ती म्हणाली, “तारेला हात नाय लावायचा. बोंबील लावायचा.”

त्या सकाळी होड्या लागल्या आणि बायका टोपल्या घेऊन सरळ खळ्यावर गेल्या. आत कुणी पाऊल टाकलं नाही. बाहेरूनच प्रत्येकीने आपापल्या वलांडीसमोरचा तुकडा धरला आणि तारेवर जोड्या चढवायला सुरुवात केली. काट्यांमुळे जोड्या जागच्या हलत नव्हत्या, दोरापेक्षा बरं होतं ते. खालची तार, मधली तार, वरची तार. आमच्या वाडीतल्या बायका एरवी पाणी भरताना एकमेकींच्या झिंज्या उपटायला उठतात, पण त्या दिवशी कुणी कुणाच्या हद्दीत गेली नाही. वॉचमनने आधी काठी आपटून पाहिली, मग आपलं स्टूल उचललं आणि वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवलं. मीही रांगेत होते. पोरवयानंतर मी खळ्यावरच्या कामाला हात लावलाच नव्हता. माझ्या जोड्या सुटून खाली पडत होत्या आणि मला इतका आनंद झाला होता की मी तो लपवलाही नाही.

सर्कलसाहेब नाकाला रुमाल लावून आले, मागोमाग तलाठी. तरीच्या होडीने खाडी ओलांडून म्हातारेही आले, छत्री घेऊन. आपली जागा ते पहिल्यांदा बघत होते. त्यांनी आत्यालाच विचारलं, “माझी हद्द कुठून कुठपर्यंत?”

“वास येतोय तिथवर,” आत्या म्हणाली.

मग ती साहेबांसमोर उभी राहिली आणि सगळ्या गावादेखत म्हणाली, “दर साली मी याला मोकली जागा सांगितली. खोटं सांगितलं. पट्टीला भ्यायले. इथं आमी बोंबील वालवतो, आमच्या सासवा वालवायच्या. आता लिव.”

साहेब म्हणाले, पिकांच्या रकान्यात मासळी येत नाही. भात येतं, गवत येतं. मी म्हटलं, शेवटी शेऱ्याचा रकाना आहे, तो कशासाठी असतो?  मग त्यांनी तारेच्या आत पाहिलं. जमिनीत बांबूंच्या खड्ड्यांच्या रांगा अजून दिसत होत्या. त्यांनी तलाठ्याला मजकूर सांगितला. सदर जागेचा वापर स्थानिक कोळी महिला मासळी वाळवण्यासाठी करतात. पाहणीच्या वेळी कुंपणावर बोंबील वाळत आहेत. आत्याने तो दोनदा वाचून घ्यायला लावला आणि मग अंगठा उठवला.

म्हाताऱ्यांनी शब्द पाळला. दलाल आमच्या गावात येऊन बरंच काही बोलून गेला, त्याला बायकांनी उत्तरं दिली, आणि पुढच्या हंगामाआधी तार निघाली. खांब मात्र राहिले. ते चांगले मजबूत होते, त्यांना आम्ही दोर बांधले. सातबारावर वरती नाव घाटकोपरचंच आहे. आमच्यापैकी कुणाचं तिथे लागलेलं नाही, लागेल असंही कुणी म्हटलं नाही. म्हणून दर वर्षी खालचा रकाना राखणं भाग होतं.

पुढच्या भाद्रपदात तलाठी आला तेव्हा मी मुद्दाम घरी थांबले होते. खळ्यावर नेहमीसारखं गवत वाढलेलं, एक बोंबील नाही, एक बांबू नाही. आत्या पदर खोचून त्याच्यासमोर उभी राहिली. या वेळी तिच्या हातात जुडी नव्हती.

“काय लिहू?” त्याने विचारलं.

“बोंबील.”

“दिसत नाहीत, बाई. गवत दिसतंय.”

“बघायचेच असतील तर कार्तिकात ये,” आत्या म्हणाली. “आमी कुठं जात नाय. आता लिव.”