निळ्या कागदाखालची वाळू

आमच्या पुनावळ्याच्या घरामागे पोहण्याचा तलाव आहे, असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय येतं ते मला आता पाठ झालंय. जमिनी विकल्या, पैसा आला, आता ह्यांना घरात स्विमिंग पूल लागतो. कुणी बोलून दाखवतं, कुणी नुसतं हसतं. मीही आता खुलासे करत बसत नाही. पण खरं सांगायचं तर आमच्या तलावात आजवर कुणी पोहलेलं नाही. तो चालण्यासाठी बांधला होता, तोही एकाच माणसासाठी. माझ्या नवऱ्यासाठी.

ते चाकणला एका प्रेसशॉपमध्ये डाय सेटर होते. गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या मोठ्या प्रेसमध्ये साचा बसवायचा, हे त्यांचं काम. साचा बसला की पहिला भाग काढायचा आणि मशीन थांबवायचं. तो भाग क्वालिटीवाला नेतो, मोजतो आणि 'पास' म्हणतो, तोवर सगळे हात बांधून उभे. ह्याला ते फर्स्ट पीस म्हणत. तो पास व्हायच्या आधी कुणी 'जमलं' म्हणायचं नाही. म्हटलं की हमखास बिघडतं, अशी त्या मंडळींची ठाम समजूत. देवाला नवस बोलून विसरतील, पण हे विसरायचे नाहीत.

ती सवय ते घरीही घेऊन आले. नोकरीत कायम झाले हे मला कळलं ते वेगळ्या रंगाचा युनिफॉर्म घालून दारात उभे राहिले तेव्हा. आदल्या आठवड्यात मी विचारलं होतं, तर म्हणाले होते, "पास होऊ दे, मग बोलू." नवीन भाजी केली की पहिला घास खाऊन क्षणभर थांबायचे आणि मग गंभीरपणे म्हणायचे, "पास." मी चिडायचे. म्हणायचे, मी काय तुमची प्रेस आहे? चांगली बातमी ह्या माणसाच्या पोटात किती दिवस राहील ह्याचा नेम नव्हता. वाईट बातमी मात्र लगेच सांगायचे.

मग एका सकाळी दात घासता घासता त्यांच्या हातातून ब्रश पडला. डावा हात आणि डावा पाय गेला. जीव वाचला, पण डाव्या पायावर भार काही येईना. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चालवा, पाण्यात अंग हलकं होतं. पिंपळे सौदागरला एका नातेवाइकाच्या सोसायटीत तलाव होता, तिथे मी त्यांना एकदा घेऊन गेले. आम्ही पाण्यात उतरलो आणि पाच-दहा मिनिटांत आयांनी आपापली पोरं बाहेर काढली. ते परत तिकडे आले नाहीत आणि मीही आग्रह केला नाही.

त्यांच्या कंपनीतल्या मित्रांनी मग घरामागे खड्डा खणला. गुरुवारच्या सुट्टीला यायचे, पत्र्याच्या भिंती जोडायचे, वेल्डिंग करायचे, जेवून जायचे. तळाला चाळलेली वाळू पसरली आणि तिच्यावर व्हिनाइलचा जाड निळा कागद अंथरला. शेततळ्याला घालतात त्यातलाच प्रकार, पण मऊ. माझ्या धाकट्या दिरांचा पाण्याचा टँकर होता. त्यांनी खेपा घालून तलाव भरला आणि भरताना म्हणाले, "वहिनी, घरापरीस ह्योच मोठा झाला." नाकापेक्षा मोती जड, असं गावातही सगळे म्हणतच होते.

रोज सकाळी आम्ही उतरायचो. मी त्यांच्या डाव्या बाजूला, कमरेला हात घालून. त्यांचा उजवा पाय पडायचा, माझे दोन पडायचे, त्यांचा डावा मागून फरफटत यायचा. पलीकडच्या कोपऱ्यात धरायला पाइप बसवला होता. तिथे पोचलो की मी म्हणायचे, "धरून उभे राहा, चहा टाकून येते." ओल्या कपड्यांनी स्वयंपाकघरात जायचे, दार उघडंच ठेवायचे आणि चहा गाळून परत यायचे. ते पाठमोरे, पाइप धरून उभे असायचे. पाणी छातीपर्यंत असल्यामुळे खालचं मला काही दिसत नसे. कधी विचारलं, "काही फरक वाटतोय का?" तर जड जिभेने म्हणायचे, "पास... होऊ दे."

फरक काही दिसला नाही. बाहेर आले की तोच काठीचा आधार, तोच लोंबता पाय. कित्येक वर्षं असंच चाललं आणि एका रात्री झोपेतच दुसरा झटका येऊन ते गेले. लोक म्हणाले, सुटले. माझ्या मनात आलं, ह्यांच्याकडून एवढं करून घेतलं आणि सगळं पाण्यात गेलं. तलावाकडे मग मी पाठ फिरवली. कागद उन्हाने ताठरला, तडकला, पाणी झिरपून खाली गेलं. उरलेल्यात पानं कुजत राहिली.

ह्या वर्षी धाकट्या दिरांना तेच झालं. डावी बाजूच. रक्तदाब त्यांच्या घराण्यातच आहे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला त्यांनी दोनदा परत पाठवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जाऊबाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "तुमचा तलाव नीट करून घेऊ या का? पाण्यात तरी उतरतील." मी दिरांना विचारायला गेले. ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "दादा येवढी वर्सं चालला पाण्यात. उभा ऱ्हायला का? न्हाई ना? मग मला कशाला भिजवताय?"

मी तशीच परत आले. तरी जाऊबाईंचा जीव राहीना, म्हणून कागद बदलायचं ठरवलं.

चाकणला ट्रकच्या ताडपत्र्या करणारे एक भाई आहेत. गरम हवेच्या मशीनने तुकड्याला तुकडा जोडण्याचं काम त्यांच्याकडेच होतं. दोन कामगार घेऊन ते आले. मोटर लावून घाण पाणी उपसलं, सुरीने जुन्या कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि चटईसारख्या गुंडाळत वर काढल्या. भाईंना घाई होती, दुकानावर ट्रकवाले खोळंबले होते. मी कडेला खुर्ची टाकून बसले होते. सगळा कागद निघाला आणि खालची वाळू उघडी पडली तेव्हा मी उठून उभी राहिले.

वाळूत आमची वाट उमटली होती. इतक्या वर्षांच्या चालण्याने कागदाखाली वाळू दबून तीन ओळी झाल्या होत्या. एक त्यांच्या उजव्या पायाची, खोल. दोन माझ्या. मध्ये डाव्या पायाची नुसती एक लांब, उथळ रेघ. मी तलावाच्या शिडीने खाली उतरले आणि त्या वाटेच्या कडेकडेने कोपऱ्यापर्यंत गेले. वाटेत रडायला येत होतं, ते मी आवरलं नाही.

कोपऱ्यात पाइपखाली दोनच खड्डे होते. शेजारी शेजारी, भिंतीकडे तोंड करून. माझी पावलं तिथवर येऊन शिडीकडे वळली होती. ते दोन्ही खड्डे त्यांचे एकट्याचे होते. टाच आणि चवडा वेगळा ओळखू येत होता. उजव्यात हात घातला तर मनगटापर्यंत गेला. मग डाव्यात घातला. तोही मनगटापर्यंत गेला.

असा खड्डा एका दिवसात पडत नाही आणि लोंबत्या पायाने तर पडतच नाही. मी चहा टाकायला गेले की ते तिथे दोन्ही पायांवर उभे राहत होते. रोज. मला आधी राग आला. शेजारी झोपणाऱ्या बायकोला एवढं सांगता आलं नाही? मी एवढी परकी होते? वाळूत बसून मी त्यांच्याशी मनातल्या मनात कडाकडा भांडले.

वरून भाईंनी आवाज दिला. "भाभी, जरा बाजूला व्हा, लेव्हल मारायची आहे." मी म्हटलं, ह्या कोपऱ्याला हात लावायचा नाही, आहे तसाच राहू दे, वरून कागद घाला. ते म्हणाले, "असं कसं चालंल? खड्ड्यावर कागद ताणला तर पाण्याचा दाब तिथंच पडणार. तिथंच फाटणार, मग मला बोल लावाल." मी मोबाइलवर फोटो काढून बघितला. फोटोत नुसती ओली वाळू दिसत होती. ते खड्डे बुजवू द्यायचे की तलाव तसाच उघडा ठेवायचा, एवढंच आता उरलं होतं. आणि खोटं कशाला बोलू, मला तो उघडाच ठेवायचा होता.

पण मग भिंतीकडे तोंड करून पडलेले दीर डोळ्यांसमोर आले. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पायाशी होतं.

मी भाईंना म्हटलं, थोडं थांबा. ते कुरकुरले, पण थांबले. त्यांच्या कामगारांनी आणि जाऊबाईंनी मिळून दिरांना शेजारच्या त्यांच्या घरातून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तलावाच्या काठावर आणलं. ते चिडलेले होते. मी खालूनच कोपरा दाखवला. ते खुर्चीतून वाकून बघू लागले.

"दादाची पावलं?"

"हो."

"त्यो डावाच हाय न्हवं?"

"डावाच."

"तुमी धरलं आसंल."

"मी चहा करत होते, भाऊजी. तिथे मी नसायचेच."

त्यांनी चांगल्या हाताने तोंड पुसलं. "मला बी न्हाई बोलला."

"मलाही नाही."

"पास व्हायचं व्हतं त्याला," दीर म्हणाले. "त्याबिगार कसा बोलंल."

माझा राग तिथेच संपला. हे मला सुचायला हवं होतं, पण ते त्यांच्या भावाला सुचलं. पाण्यातलं उभं राहणं त्यांच्या हिशेबी खरं नव्हतंच. बाहेर, माझ्यासमोर, जमिनीवर उभं राहतील तेव्हा सांगणार होते. एका सकाळी दारात उभे राहिले असते, त्या युनिफॉर्मच्या दिवशी राहिले होते तसे.

दीर अजून बघतच होते. मग म्हणाले, "बुजवा वहिनी. मला हितंच हुबं ऱ्हायचंय."

भाईंचा कामगार फावडं घेऊन आला, त्याला मी मागे पाठवलं आणि थापी तेवढी मागून घेतली. आधी आमची वाट सपाट केली. मग उजवा खड्डा भरला. डाव्यात वाळू टाकण्याआधी तळहात ठेवला आणि ज्यांचं ते पाऊल होतं त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "पास." हे कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि म्हणणारी मीच होते. मग तोही भरला आणि थापीने सारखा केला. भाईंनी वर पट्टी ठेवून बघितली आणि लेव्हल बरोबर आहे म्हणाले.

नवा कागद घातला, पाणी भरलं. पहिले काही आठवडे दिरांना आम्ही दोघी दोन्हीकडून धरून चालवत होतो. ते शिव्या घालत चालायचे, जाऊबाई त्याही ऐकून घ्यायच्या. कोपऱ्यातल्या पाइपची पकड त्यांना जमायला लागली, तेव्हा एका सकाळी मी जाऊबाईंना म्हटलं, "चला, चहा टाकू."

"आणि ह्यांना एकटं सोडून?"

"दार उघडं आहे. चला."

स्वयंपाकघरात आल्यावर त्या सारख्या खिडकीकडे जात होत्या. शेवटी मीच खिडकीला पाठ लावून त्यांच्यासमोर उभी राहिले. "बघायचं नाही," मी म्हटलं, "आणि बाहेर गेल्यावर विचारायचंही नाही." त्या दिवशी मी चहा हवा त्याहून जास्त वेळ उकळू दिला.