पालथा फोन

माझं खरं कोणी मानत नाही. चौथीत शाळा सुटली, हे मात्र सुटलं नाही. सदर भागातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मी झाडू मारते, चहा करते, काउंटरवर फोन घेते. इथले किस्से केराबरोबर रोज निघतात. पण कुसुमकाकूंच्या फोनने एका दिवसात वर्षाचे काढले.

काकू कळमेश्वरच्या. फोनमध्ये सासूच्या आवाजातली भुलाबाईची साठ गाणी. सासूची वाचा गेली, आणि ती गाणी दुसरीकडे कुठेच नाहीत. फोन आपोआप बंद पडायचा. पूर्ण मरायच्या आत गाणी कॉम्प्युटरवर घ्यायची होती.

*

आमचा कारागीर प्रफुल्ल माऊसला हात लावत नाही, कमीपणा वाटतो. काळी खिडकी उघडून इंग्रजीत हुकूम टाइप करतो. पाच वेळा सोडला. कॉम्प्युटर म्हणे, फोनच जोडलेला नाही. मी म्हटलं, वायर बदल, हिच्यातून नुसतं चार्जिंग होते.

"मंदाबाई, तुम्ही चहाचं पाहा ना."

पाहिलं. पाऊण तासाने त्याने वायर बदलली आणि काकूंना म्हणाला, "डोकं लावा लागते."

*

मग कॉम्प्युटर म्हणे, परवानगी नाही. मालक विलासभाऊंनी काकूंकडून रीतसर अर्ज लिहून घेतला, खाली सही. कॉम्प्युटरवर काही परिणाम झाला नाही.

*

त्याच आठवड्यात विलासभाऊंनी नियम केला होता: बायांचे फोन टेबलावर पालथे ठेवायचे, स्क्रीन कोणी पाहायची नाही. नियम चांगला. पण परवानगी फोनच्या स्क्रीनवर मागतात. तिथे बोट ठेवावं लागतं. आधी गिऱ्हाईकच ठेवून मोकळं व्हायचं, प्रफुल्लला पत्ताही नसायचा. माझ्या फोनमधलं उतरवलं तेव्हा मीच ठेवलं होतं.

"फोन सुलटा कर गा," मी म्हटलं.

"मी कमांडनं करून राहिलो. स्क्रीनचा काय संबंध?"

*

तेवढ्यात फोन दोनदा बंद पडून चालू झाला. प्रफुल्ल आणि विलासभाऊ दुसरा कॉम्प्युटर आणायला मागच्या खोलीत गेले. काकू काउंटर धरून उभ्या होत्या. "मंदा, गाणे गेले त घरी काय तोंड दाखवू वं?"

मी हात पुसले. फोन सुलटा केला, काकूंचंच बोट परवानगीच्या चौकटीवर ठेवलं. काळ्या खिडकीत वरचा बाण दाबला की जुना हुकूम परत येतो, हे झाडू मारताना पाहिलेलं. बाण दाबला, एंटर मारला. ओळी धावल्या. साठच्या साठ गाणी उतरली, आणि फोन गेला तो गेलाच.

दोघे कॉम्प्युटर उचलून बाहेर आले. विलासभाऊंनी एक गाणं लावून पाहिलं. काकू पदर डोळ्यांना लावून ऐकत राहिल्या. विलासभाऊंनी प्रफुल्लची पाठ थोपटली. मग विचारलं, फोन कसा मेला?

प्रफुल्ल म्हणाला, "पालथा होता तवरी त चालू होता, भाऊ."

विलासभाऊंनी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं: फोन बंद पडण्यास जबाबदार, मंदाबाई.