आबांच्या मापाची सीट

फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये चाचणीचे पेपर तपासत बसले होते. सुधाकरची बायको रेखा बोलते आहे की रडते आहे, हेच आधी कळेना. बोरीच्या जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. नंबर येईपर्यंत जरा पडतो म्हणून सुधाकर आपल्याच ट्रकच्या सावलीत आडवा झाला. नंबर आला, लोक उठवायला गेले, तर तो उठलाच नाही... एवढं सगळं ऐकून मी विचारलं, "गाडी कुठं आहे?" माझा पाठचा भाऊ गेला होता, आणि मी पहिली चौकशी केली ती गाडीची! सव्वा महिना झाला, पण ते वाक्य आठवलं की अजून लाज वाटते.

गाडी आमच्या आबांची, म्हणजे वडिलांची. पेडगावात आमच्या वस्तीवर आलेली पहिली. तिची केबिन लाकडी, परभणीच्या एका सुतारानं बांधलेली. त्यानं आबांना ओंडक्यावर बसवलं आणि शिंप्यासारखी सुतळीनं मापं घेतली, पाठीपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत. आबा सहा फूट उंच. त्या मापानं सीटची लाकडी पेटी जागेवर ठोकली गेली, वर गादी पडली. ती पुढंमागं हलायची सोयच नव्हती. सीटमागच्या फळीवर मी आणि सुधाकर झोपायचो. खिडकीतून कापसाचे पुंजके आत यायचे, तरंगायचे, आबांच्या मानेवर बसायचे... सुधाकर फुंकर मारून ते उडवायचा आणि आबा न वळताच हसायचे. हे खरंच रोज व्हायचं की एकदाच झालं आणि मी ते आयुष्यभर पाहत राहिले, आता सांगता येत नाही. विचारायला होता तोही गेला.

आबांनंतर गाडी दोन वर्षं लिंबाखाली उभी होती. मग सुधाकरनं ती झरीच्या रस्त्यावर बाबूमियाँ मिस्त्रींकडे नेली. इंजिन खोललं, ब्रेक बदलले, वायरिंग नवी घातली. ते काही डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून माझी हरकत नव्हती. पण मिस्त्री सीटची पेटी काढणार असं कळलं, तशी मी शाळेत रजा टाकून तिथं जाऊन उभी राहिले. घरात माझा शब्द चालतो, आणि तो चालवायची मला हौसही आहे.

"अक्का, आबाचे पाय कुठं अन् ह्याचे कुठं," मिस्त्री म्हणाले. "नवी सरकती सीट बसवू. पहिलीच्या पोराला तुमी दहावीच्या बाकावर बसवता का?"

"आबांची आठवण आहे ती. एक खिळासुद्धा हलवायचा नाही."

सुधाकर आईवर गेलेला, बुटका. तो जमिनीकडं बघत उभा होता. तसाच म्हणाला, "राहू द्या मिस्त्री. अक्का म्हणायलीय तसंच करा."

पुढं अकरा वर्षं तो तसाच गाडी चालवत राहिला, सीटच्या अगदी काठावर बसून, पाठीमागं गोधडीची वळकटी लावून. क्लच दाबायचा म्हणजे अर्धा उठायचा. मला वाटायचं, ही त्याची लकब. गाडीतून उतरला की कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं उभा राहायचा, तेव्हा मी चिडवायची, "म्हातारा झालास रे!" त्यावर तोही हसायचा. आणि मी पाहुण्यांना गाडी दाखवायची, केबिन बघा, आबांच्या वेळची, जशीच्या तशी... तो तेव्हा बाजूला उभा राहून फडक्यानं काच पुसत असायचा. माझ्या भावाला दुखत होतं आणि मी मिरवत होते. याहून सौम्य शब्द मला सापडत नाहीत.

सुधाकरच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. आठवड्यानं त्याचा मुलगा अजय गाडी मिस्त्रींकडे घेऊन गेला, मीही बरोबर गेले. आता तोच चालवणार आहे. उंची बापाचीच. मिस्त्रींनी गादी उचलली. खालच्या पेटीची मागची लाकडं आबांच्या वेळची, कडा अजून चौकोनी. पुढच्या फळीची कड मात्र मधोमध झिजून खोलगट झाली होती, आणि हात फिरवला तर गुळगुळीत. अकरा वर्षं सुधाकर तेवढ्यावरच बसला होता. मी हात तिथंच ठेवला. लाकूड उन्हानं कोमट झालं होतं, आणि क्षणभर वाटलं की तो आत्ताच उठून चहाला गेलाय...

"मिस्त्री, ही एवढी फळी ठेवून नवी सीट बसंल का?"

"बसंल की. पण फुडं सरकायची न्हाई, अक्का."

अजय जमिनीकडं बघत होता. ते बघणं मी ओळखलं. मला ती फळी हवी होती, आजही हवी आहे. पण तो पोरगा आता "राहू द्या" म्हणणार होता, आणि ते त्याच्या तोंडून निघायच्या आत मी म्हणाले, "काढा."

पहार लागली तेव्हा मी मुद्दाम तिथंच उभी राहिले. दुपारपर्यंत नवी सीट बसली. अजय चढला, खालचा खटका ओढला, सीट करकरत पुढं आली. त्यानं क्लच दाबला. जागचा उठला नाही.

"पाठ टेकते का रे?" मी खालून विचारलं.

"टेकली की, आत्या."

हे मी त्याच्या बापाला एकदाही विचारलं नव्हतं.